‘द मेन्यू’ घरच्यांबरोबर बघायचा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर शुक्रवारी संध्याकाळी मी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक छोटी यादी टाकते: या शनिवार-रविवारी घरी बसून काय बघता येईल. घोडबंदर रोडवरच्या आमच्या चार इमारतींपुरता सुरू केलेला हा उद्योग आता फॉरवर्ड होत होत नौपाड्यापासून नेरुळ-खारघरपर्यंत पोचलाय. गंमत अशी की मला सगळ्यात जास्त विचारणा होते ती या यादीत एकदाही न घातलेल्या सिनेमाबद्दल. २०२२ सालचा ‘द मेन्यू’. जाहिरातीत कडक इस्त्रीचे पांढरे कोट घातलेले आचारी आणि सजवलेल्या ताटल्या दिसतात, त्यामुळे निम्म्या लोकांना ती पाककृतींची स्पर्धा वाटते, आणि उरलेल्यांना कुणीतरी ‘हॉरर आहे’ म्हणून सांगितलेलं असतं. तेच तेच उत्तर टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून सगळं एकदाच इथे. प्रश्न ६, ७, १४ आणि १८ मध्ये कथा फुटते. ज्यांना कोरं बघायचंय त्यांनी ते गाळावेत.

१. हा पिक्चर नेमका कशाचा आहे? स्वयंपाकाचा की भुताचा?

स्वयंपाकाचा आहे, आणि तरीही भीतीचा आहे. भूत मात्र एकही नाही. एका बेटावर हॉथॉर्न नावाचं रेस्टॉरंट आहे. एका रात्री फक्त १२ गिऱ्हाइकं, बोटीने न्यायचं, माणशी १,२५० डॉलर, म्हणजे आपले साधारण लाखभर रुपये. मुख्य आचारी ज्युलियन स्लोविक (राल्फ फाइन्स) एकेक पदार्थ टाळी वाजवून सादर करतो आणि प्रत्येक पदार्थागणिक लक्षात येत जातं, की आजच्या पाहुण्यांना परत सोडायचा त्याचा विचार नाही. टायलर (निकोलस होल्ट) या खाद्यवेड्या तरुणाबरोबर ऐनवेळी आलेली मार्गो (आन्या टेलर-जॉय) ही एकटीच त्याच्या यादीत नसलेली पाहुणी. दिग्दर्शक मार्क मायलॉड, लांबी १०७ मिनिटं.

अर्धा वेळ तुम्ही हसत असता, हेही सांगायला हवं. श्रीमंतांच्या खाण्यापिण्याच्या नखऱ्यांची त्यात इतकी टर उडवली आहे, की गोल्डन ग्लोबला फाइन्स आणि टेलर-जॉय दोघांनाही नामांकन मिळालं ते विनोदी चित्रपटांच्या गटात. ‘हॉरर’ आणि ‘कॉमेडी’ ही दोन्ही लेबलं खरी आहेत. पालकांचा घोटाळा होतो तो नेमका इथेच.

२. ताई, लांबण नको. बघायचा की नाही, एवढंच सांगा.

दहावी न झालेलं कुणी खोलीत असेल तर नको. सगळे मोठे असतील तर जरूर बघा, जेवणं आटोपून.

३. किती वयापासून चालेल?

अमेरिकेत याला ‘आर’ दर्जा आहे, म्हणजे १७ वर्षांखालच्या मुलाबरोबर थिएटरात पालक हवा. कारणं दिली आहेत ती अशी: तीव्र आणि अस्वस्थ करणारी हिंसा, चित्रपटभर शिवराळ भाषा, काही लैंगिक उल्लेख. ब्रिटनमध्ये ‘१५’ आहे. तिथे १५ वर्षांखालच्या मुलाला पालकांबरोबरही थिएटरात सोडत नाहीत.

माझं स्वतःचं मोजमाप थोडं वेगळं आहे. १३-१४ला नाहीच. पंधराव्या-सोळाव्या वर्षी मुलामुलावर अवलंबून, आणि तेही तुम्ही आधी एकट्याने बघून घेतल्यावर. सतरा-अठराला काही अडचण नाही, एका अपवादासह. तो अपवाद प्रश्न ७ मध्ये आहे. वयाने मोठ्या असलेल्यांनीही तो वाचावा असं मला वाटतं.

४. आपल्याकडचे ते यूए १३+, यूए १६+ म्हणजे नेमकं काय? पूर्वी तर नुसतं यूए होतं.

बरोबर, पूर्वी नुसतं यूए होतं, आणि त्याचा अर्थ १२ वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत पालकांनी ठरवावं असा होता. २०२३ साली सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली आणि यूएचे तीन भाग झाले: ७+, १३+ आणि १६+. २०२४ मध्ये नवे नियमही आले. हे आकडे पालकांना सल्ला म्हणून आहेत. यूए १६+ पिक्चरला तुमच्या बारा वर्षांच्या मुलाला तुमच्याबरोबर दारात कुणी अडवणार नाही, जबाबदारी तुमची. ‘ए’चं तसं नाही. ‘ए’ असेल तर १८ वर्षांखालच्याला आईवडील बरोबर असले तरी आत जाता येत नाही. तिकीट खिडकीवर ‘अहो, आम्ही आहोत ना सोबत’ म्हणून हुज्जत घालणारे बाप मी मॉलमध्ये दर महिन्याला पाहते. हुज्जतीचा उपयोग होत नाही, होऊही नये.

५. ओटीटीवर आलाय म्हणजे सेन्सॉरने पास केलेलाच असणार ना?

नाही. केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ, म्हणजे ज्याला आपण सेन्सॉर बोर्ड म्हणतो ते, थिएटरात लागणाऱ्या सिनेमांना प्रमाणपत्र देतं. ओटीटीला २०२१चे माहिती तंत्रज्ञान नियम लागू होतात आणि त्यात वर्गवारी कंपनीने स्वतःच करायची असते: यू, यूए ७+, यूए १३+, यूए १६+, ए. ही खूण कार्यक्रमाच्या सुरुवातीला दिसायला हवी, आणि ती का दिली (हिंसा, भाषा वगैरे) तेही लिहिलेलं हवं.

आपण काय करतो? ती दोन ओळींची सूचना येते तेव्हा लोणच्याची बरणी शोधत असतो. तुम्ही जिथे बघणार असाल तिथली ती पाटी शांतपणे वाचा, कारणांसकट.

६. हिंसा किती आहे? कुठले प्रसंग ते स्पष्ट सांगा. (कथा फुटते)

रक्ताचा हिशेब केला तर हा फार रक्तबंबाळ पिक्चर नाही. एकूण मिनिटं मोजलीत तर हाणामारीच्या कुठल्याही मसालापटात याच्या दसपट मारामारी निघेल. पण इथली हिंसा अचानक येते, शांत जागी येते आणि टेबलावरच्या माणसांनी काटे-चमचे हातात धरलेले असताना येते. त्यामुळे ती लागते.

चौथ्या पदार्थाला एक तरुण आचारी सगळ्यांदेखत स्वतःवर गोळी झाडतो. हा पहिला मोठा धक्का. तिथपर्यंत फक्त चुळबुळ असते, तिथून पुढे परतीचा रस्ता नाही. मग एक वयस्कर गिऱ्हाईक उठून जायला बघतं, तेव्हा त्याचं बोट कापतात. रेस्टॉरंटमध्ये पैसा गुंतवणाऱ्याला देवदूताचे पंख लावून सगळ्यांसमोर समुद्रात बुडवतात. ज्या स्वयंपाकिणीला स्लोविकने पूर्वी त्रास दिलेला असतो, ती त्याच्या मांडीत कात्री खुपसते, आणि तेही त्याच्या संमतीने. पुरुष गिऱ्हाइकांना ४५ सेकंदांची सूट देऊन पळायला सांगतात आणि मग पकडून आणतात. मार्गो आणि व्यवस्थापिका एल्सा यांच्यात चाकूची झटापट होते, त्यात एल्सा मरते. शेवटी पाहुण्यांच्या अंगावर मार्शमेलोची वस्त्रं आणि डोक्यावर चॉकलेटच्या टोप्या घालून सगळं रेस्टॉरंट पेटवून देतात. आचाऱ्यांसकट.

तिसऱ्या पदार्थाच्या वेळी आणखी एक गोष्ट येते, ती पडद्यावर दिसत नाही, फक्त सांगितली जाते. स्लोविकचा बाप दारू पिऊन त्याच्या आईला मारहाण करत होता आणि पोराने बापाच्या मांडीत कात्री खुपसली, ही त्याच्या लहानपणची आठवण. ताटात मग कात्री खोचलेली कोंबडीची तंगडी येते. ज्यांच्या घरात असलं काही घडून गेलंय त्यांना हा प्रसंग वरच्या सगळ्यांपेक्षा जड जाऊ शकतो.

७. त्यात आत्महत्या दाखवली आहे असं ऐकलं. खरं आहे का? (कथा फुटते)

खरं आहे, आणि मी हा पिक्चर यादीत घालत नाही त्याचं मुख्य कारण हेच. रक्तामुळे किंवा शिव्यांमुळे मी तो गाळला नसता.

दोन आत्महत्या आहेत. एक भर पडद्यावर, बंदुकीने. दुसरी बंद दाराआड, गळफासाने. नंतर तो माणूस लटकलेला दिसतो. पण कशाने यापेक्षा कशामुळे, ते बघा. पहिल्या मुलाला त्याचा गुरू चारचौघांत सांगतो की तू चांगला आहेस, पण थोर कधीच होणार नाहीस. दुसऱ्याला सगळ्यांसमोर स्वयंपाक करायला लावतात, त्याची फजिती करतात, आणि मग गुरू त्याच्या कानात काहीतरी पुटपुटतो. दोघेही ते निकालासारखं मुकाट्याने ऐकून घेतात.

आता ठाण्यात किंवा वाशीत अकरावी-बारावीचं मूल घरात असलेल्यांनी हे परिच्छेद परत वाचावेत. आपली मुलं दर रविवारी क्लासमध्ये परीक्षा देतात, भिंतीवर क्रमांक लागतो आणि ‘पोरगं हुशार आहे हो, पण टॉपचं नाही’ हे वाक्य त्यांनी कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकलेलं असतं. बहुतेक मुलं हा प्रसंग बघतील, दचकतील आणि विसरतील. पण परीक्षेच्या किंवा निकालाच्या दिवसांत, किंवा मूल काही दिवस गप्प-गप्प असेल तर, हा पिक्चर घरात लावू नका. मूल सतरा-अठराचं असलं तरी नको. प्रश्न ३ मधला अपवाद तो हाच. घरात किंवा ओळखीत कुणी अशा प्रकारे गेलं असेल तर मोठ्यांनीही टाळावा.

कुणाबद्दल खरोखरच काळजी वाटत असेल तर सिनेमाची चर्चा बाजूला ठेवा आणि १४४१६ वर फोन करा. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा आहे, २४ तास चालते, पैसे पडत नाहीत.

८. ‘तसले’ सीन आहेत का? मुलं आणि सासरे एकाच सोफ्यावर असतात म्हणून विचारतेय.

नग्नता नाही, शय्यादृश्य नाही. बोलणं आहे. मार्गो पैसे घेऊन सोबत करणारी मुलगी आहे हे पुढे उघड होतं, आणि एका प्रौढ, बायकोबरोबर आलेल्या गिऱ्हाइकाने पूर्वी तिच्याकडे केलेल्या एका विकृत मागणीचा उल्लेख येतो. त्यात मुलीच्या नात्याचा संदर्भ असल्याने तो फार किळसवाणा आहे. एक-दोन वाक्यंच आहेत, पण सासऱ्यांसमोर त्या दोन वाक्यांत पंखा किती नंबरवर आहे ते तपासायला उठावं लागेल. स्वयंपाकघरातल्या लैंगिक छळाचाही विषय येतो, दृश्य येत नाही.

९. शिव्या? हिंदीत बघितला तर कमी होतील का?

इंग्रजीत भरपूर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. एका पदार्थाच्या पडद्यावर येणाऱ्या नावातच शिवी आहे. डबिंगमध्ये भाषा बरेचदा सौम्य करतात, पण प्रश्न ६ आणि ७ मधलं काही त्याने बदलत नाही. खरं सांगायचं तर आपली आठवीतली मुलं रिक्षा स्टँडवर आणि ऑनलाइन गेममध्ये यापेक्षा सरस ऐकून आलेली असतात. ज्या पालकांना फक्त शिव्यांची काळजी आहे त्यांनी ती सोडावी.

१०. आमचा मुलगा भुताचे पिक्चर एकटा बघतो, हसतो वर. याला काय घाबरणार?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. माझीही एकदा अशीच फसगत झाली.

आमच्याकडे दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला होता, तेरा वर्षांचा. चेटकिणी, कवट्या, दात काढणारी बाहुली, सगळं कोळून प्यायलेला. मी स्वतः तेव्हा पिक्चर पाहिला नव्हता, ‘शेफचा आहे, मजेशीर आहे’ असं कुणीतरी म्हणालं म्हणून लावला. चौथ्या पदार्थापर्यंत तो हसत होता. गोळीच्या आवाजाला दचकला, पण घाबरला नाही. त्यानंतर पाचेक मिनिटांनी त्याने विचारलं, “मावशी, पण हे सगळे उठून का जात नाहीत?” मी म्हटलं, दारं बंद आहेत. तो म्हणाला, “अगं, पण ते जेवतायत.” तिथे मी रिमोट शोधायला लागले. रात्री दोनला तो आमच्या खोलीच्या दारात उभा होता.

भुताच्या पिक्चरमध्ये मुलाला नियम माहीत असतात. भूत आहे, भूत खोटं आहे, दिवे लागले की संपलं. इथे भीती आहे ती अदबीने बोलणाऱ्या माणसांची. टाळी वाजली की सगळे आचारी एका सुरात ‘येस, शेफ’ म्हणतात. पाहुणे श्रीमंत, शिकलेले, आणि समोर माणूस मेला तरी नॅपकिन मांडीवरून खाली पडू देत नाहीत. पुढे तर स्लोविकच त्यांना टोचतो की तुम्ही जिवाच्या आकांताने पळायचा प्रयत्नसुद्धा केला नाहीत. मोठ्या माणसाला यातला टोमणा कळतो. तेरा वर्षांच्या मुलाला एवढंच कळतं की मोठी माणसं बसून राहतात. त्याचं जग मोठ्यांच्या भरवशावर चाललेलं असतं. त्याला भूत चालतं, हे नाही चालत.

म्हणून भुताला न घाबरणं ही या पिक्चरची पात्रता नाही. टोमणा कळणं ही आहे.

११. आजी-आजोबांबरोबर बघू का?

त्या दिवाळीला सासूबाईही त्याच सोफ्यावर होत्या. वय ७४. त्यांना इंग्रजी फारसं येत नाही, त्या चेहरे बघतात. गोळी झाडल्यावर त्या एकच वाक्य बोलल्या, “त्या पोराला कुणी धरलं कसं नाही?” आणि उठून देवघरात गेल्या. मी या पिक्चरवर जे काही वाचलंय त्यात याहून नेमकं बोललेलं मला आठवत नाही.

चालणारे ज्येष्ठही आहेत. पाचपाखाडीतले माझे एक काका तर दोनदा पाहून बसलेत आणि लग्नातल्या बुफेवर त्याच पद्धतीने टीका करतात. फक्त आधी सांगा. ‘जेवणाचा पिक्चर आहे’ म्हणून बसवू नका.

१२. आम्ही शाकाहारी आहोत. मांसमच्छी किती दिसते?

बरीच. शिंपले, मासे, कोंबडी, कच्चट राहिलेलं मटण, टांगून ठेवलेलं मांस. सगळं फार सुंदर छायाचित्रित केलंय, ज्याला आवडतं त्याच्या तोंडाला पाणी सुटेल आणि ज्याला नाही त्याच्या पोटात ढवळेल. श्रावणात लावून घरात भांडण ओढवून घेऊ नका.

१३. जेवताना लावला तर?

नको.

१४. मुलगी हॉटेल मॅनेजमेंटला आहे, शेफ व्हायचंय. तिने बघावा का? (थोडी कथा फुटते)

ती एकोणीस-वीसची असेल तर हो, आणि जमल्यास तुम्हीही तिच्या शेजारी बसा. इथे मी उलट्या बाजूने बोलतेय याची कल्पना आहे.

या पिक्चरचं स्वयंपाकघर खोटं वाटत नाही, कारण त्यावर जाणकारांचा हात आहे. पदार्थांसाठी सल्लागार होत्या डॉमिनिक क्रेन, सॅन फ्रान्सिस्कोच्या शेफ. अमेरिकेत तीन मिशेलिन तारे मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला शेफ. ‘येस, शेफ’ची कवायतही हवेतून आलेली नाही. मोठ्या स्वयंपाकघरात प्रत्येकाचं ठाणं ठरलेलं, हुकूम वरून खाली, ही घडी १९व्या शतकाच्या अखेरीला फ्रान्सच्या ऑगस्त एस्कॉफिएने बसवली आणि त्याने ती घेतली लष्करातल्या अनुभवावरून. पंचतारांकित हॉटेलात इंटर्नशिप करणारी मुलं हीच शिस्त शिकतात. त्यात चांगलं खूप आहे. कांदा एका मापाचा चिरला जातो, कुणी भाजत नाही, ऑर्डर वेळेवर जाते.

पिक्चर विचारतो ते असं, की ही शिस्त कुठे थांबते? हॉथॉर्नचे आचारी बेटावरच एका लांबलचक खोलीत खाटा टाकून राहतात, घरदार नाही, आणि गुरू म्हणाला तर मरायलाही तयार होतात. साहेबाने त्रास दिलेली स्वयंपाकीण त्याच साहेबासाठी अखेरचा पदार्थ रचते. तुमच्या मुलीने हे बघितलं, की तिच्याकडून तिच्या किचनमधल्या गोष्टी बाहेर पडतील. चौदा तास उभं राहणं, हातावरचे चटके, ओरडणारा सिनिअर. घरी येऊन ती ‘बरं चाललंय’ एवढंच सांगत असेल तर हा बरा मुहूर्त आहे. प्रश्न ७ तिलाही लागू आहे हे विसरू नका.

१५. सुरुवातीचा भाग मुलांना दाखवून मग बंद केला तर चालेल?

तसं करता येतं, कारण प्रत्येक पदार्थाच्या आधी पडद्यावर त्याचं नाव येतं, पुस्तकातल्या प्रकरणासारखं. दुसऱ्या पदार्थात तर पावाशिवायची पावाची ताटली देतात, म्हणजे नुसत्या चटण्या. मुलं यावर खो-खो हसतात. तिसऱ्याचं नाव ‘मेमरी’, तिथून बोलणं गढूळ होतं. चौथ्याचं नाव दिसण्याआधी बंद करायलाच हवं.

पण मला विचाराल तर हा उपाय कागदावरच बरा. अर्धवट पिक्चर बंद केला की मूल तो उरलेला अर्धा कुठे ना कुठे शोधतंच.

१६. मोबाइल मुलांच्याच हातात असतो. लॉक कसं लावायचं?

वर सांगितलेल्या २०२१च्या नियमांप्रमाणे यूए १३+ आणि त्यावरच्या सगळ्या गोष्टींना पालक-कुलूप लावायची सोय देणं ओटीटी कंपन्यांना बंधनकारक आहे. प्रत्येक अॅपमध्ये ती सेटिंग्जच्या वेगळ्या कोपऱ्यात असते. साधारण पद्धत अशी: मुलांचं वेगळं प्रोफाइल काढा, त्याची वयोमर्यादा ठरवा आणि तुमच्या प्रोफाइलला चार आकडी पिन द्या. दुसरी पायरी लोक विसरतात. मुलांचं प्रोफाइल कुलूपबंद आणि बाबांचं सताड उघडं असेल तर उपयोग काय? पिन म्हणून फ्लॅटचा नंबर ठेवू नका. आमच्या मजल्यावर दोन घरांत तोच निघाला, आणि तो मला मुलांनीच सांगितला.

१७. सोसायटीच्या गच्चीवर प्रोजेक्टर लावून, फक्त मोठ्यांसाठी दाखवला तर?

वयाच्या आधी हक्काचा प्रश्न येतो. घरचं ओटीटी सबस्क्रिप्शन घरातल्यांनी बघण्यासाठी असतं. शंभर खुर्च्या मांडून दाखवणं हे जाहीर प्रदर्शन झालं, त्याला चित्रपटाच्या हक्कधारकाची परवानगी लागते. गणपतीत सगळेच करतात, हे मला दर वर्षी ऐकवलं जातं. सगळेच करतात, मान्य.

दुसरं, उघड्या जागेत रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक चालत नाही. पिक्चर १०७ मिनिटांचा. साडेआठला सुरू केलात तर बरोबर आग लागायच्या सुमाराला समितीचे अध्यक्ष आवाज बंद करायला येतील. तिसरं, गच्चीवर ‘फक्त मोठे’ असं काही नसतं. पाण्याच्या टाकीमागे पोरं असतातच. चार-पाच मित्रांनी एखाद्याच्या घरी बघा.

१८. तो शेवटचा बर्गर कशासाठी? सगळे त्याबद्दलच बोलतात. (शेवट फुटतो)

मार्गोला जुन्या एका फोटोत दिसतं की तरुणपणी स्लोविक एका साध्या दुकानात बर्गर करायचा आणि तेव्हा हसायचा. म्हणून ती त्याला तोंडावर सांगते, तुझं जेवण मला आवडलं नाही, मी अजून उपाशी आहे, मला एक साधा चीझबर्गर कर. किंमत ९ डॉलर ९५ सेंट. तो करतो, आणि संपूर्ण रात्रीत पहिल्यांदा मन लावून करतो. एक घास खाऊन ती म्हणते, उरलेला बांधून दे. आणि तो तिला जाऊ देतो. सुटते ती एकटी.

लाख रुपयांच्या नाजूक ताटल्यांनंतर कुणी मामलेदारची मिसळ मागावी तसं आहे ते. हा प्रसंग मी भाच्याला नंतर वेगळा काढून दाखवला. त्याने पहिला प्रश्न विचारला, “आपल्याकडे आत्ता काय मिळेल?” रात्रीचे सव्वाअकरा वाजले होते. पिक्चर लावण्याआधी घरात पाव आणि बटाटे आहेत का, तेवढं बघून ठेवा.